हौदा रिकामा ठेवा: डोंगरवाटांसाठी आणि पुरातून घरच्यांना काढण्यासाठी पिकअप कशी बांधावी

प्रश्न थोडक्यात असा. खारघरला रो-हाऊसमध्ये राहणारं पाच माणसांचं कुटुंब, त्यात आई व्हीलचेअरवर. काका-काकू महाड तालुक्यात, नदीपासून फार लांब नाहीत. जुनी पण बऱ्या अवस्थेतली फोर बाय फोर डबल केबिन पिकअप नुकतीच घेतली आहे. सुट्टीत सह्याद्रीत फिरायचं आणि वेळ आली तर घरच्यांना पुरातून बाहेर काढायचं, ही दोन्ही कामं तिनं करावीत. मनातली यादी: चार इंच लिफ्ट (म्हणजे गाडीची उंची तेवढी वाढवणं), चिखलासाठीचे मोठे मड टायर, लोखंडी बंपर, विंच (अडकलेली गाडी दोरानं ओढणारी मोटर), स्नॉर्कल (इंजिनाला हवा देणारी उंच नळी), टपावर तंबू, फ्रिज, जादा बॅटरी, हौद्यावर म्हणजे मागच्या उघड्या भागावर कॅनोपी (बंद टप). बजेट चार लाख. सुरुवात कुठून करावी?

वजनकाट्यापासून करा.

मी ठाण्यात वागळे इस्टेटला फोर बाय फोरचं गॅरेज चालवतो आणि पावसाळ्यात मदतीला जाणाऱ्या मंडळींबरोबर गाडी घेऊन जातो. माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण अशीच यादी घेऊन येतो. यादीतली एकही वस्तू वाईट नाही. पण त्यातली प्रत्येक वस्तू किलोमध्ये मोजली की चित्र बदलतं, म्हणून आधी ते करू.

कळंबोलीच्या लोखंड बाजाराकडे किंवा वाशीच्या एपीएमसीजवळ ट्रक ज्या काट्यावर चढतात, तिथे गाडी न्या. टाकी पूर्ण भरलेली, बाकी गाडी रिकामी. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. तीन पावत्या मिळतील. आरसीवर गाडीचं रिकामं वजन आणि भरलेलं कमाल वजन, दोन्ही लिहिलेली असतात. कमाल वजनातून काट्यावरचं वजन वजा करा. जे उरलं तेवढंच तुमच्या हातात आहे, पिकअप दिसायला कितीही दणकट असली तरी.

समजा ५०० किलो उरले. घरची पाच माणसं सरासरी ६५ किलोंची धरली तर ३२५ गेले. शिल्लक १७५. आता तुमची यादी घेऊ. लोखंडी बंपर साधारण ५५ किलो, विंच ४०, कॅनोपी ६०, टपावरचा सांगाडा ३०, तंबू ६०, फ्रिज २५, दुसरी बॅटरी २५. हे झाले २९५. त्यावर ४० लिटर पाणी म्हणजे ४० किलो आणि कॅनमधलं ४० लिटर डिझेल म्हणजे सुमारे ३३ किलो. एकूण ३६८. तुम्ही १९३ किलोंनी वर गेलात, आणि अजून व्हीलचेअर, कपडे, औषधं, जॅक, दोर यांतलं काहीच चढलेलं नाही. म्हणजे सगळी हौस पूर्ण केलेली ही गाडी ऐन वेळेला दारात उभी राहील तेव्हा तिच्या मर्यादेत राहायला घरातली तीन माणसं मागे ठेवावी लागतील. काका-काकूंचा तर प्रश्नच येत नाही.

जास्त वजनानं गाडी लगेच मोडत नाही, आणि धोका तिथेच आहे. ती चालत राहते, पण ओल्या घाटात ब्रेक लांबवर लागतो, मागचे स्प्रिंगचे पाटे बसतात, हेडलाइट आभाळाकडे बघायला लागतात, टायर तापतो. ज्या रात्री काहीच बिघडायला नको, नेमक्या त्या रात्री हे सगळं एकत्र समोर येतं.

म्हणून माझं सांगणं एकच आहे: गाडीवर कायमचं कमीत कमी चढवा आणि हौदा रिकामा ठेवा. भटकंतीचं सामान पेट्यांमध्ये भरून पट्ट्यांनी बांधा, म्हणजे दहा मिनिटांत उतरवता येईल. टपावरचा तंबू विसरा. ६० किलो सगळ्यात उंच जागी ठेवले की आडव्या उतारावर गाडी कलायला लागते. जमिनीवर लावायचा चांगला तंबू सात-आठ किलोंत येतो.

आता पैशांचं. चार लाखांतले निम्मे तुम्हाला न दिसणाऱ्या गोष्टींवर घालावे लागतील. गाडी जुनी आहे. कूलंटचे पाइप, बेल्ट, वॉटर पंप, क्लच, चारही चाकांचे बेअरिंग, बॉल जॉइंट, बुश, ब्रेक पॅड आणि मागचे ड्रम, गिअरबॉक्स आणि दोन्ही डिफरन्शियलचं (पुढच्या-मागच्या आसांमधल्या गिअरपेट्यांचं) तेल, मुख्य बॅटरी. वायपर आणि एसी यांना किरकोळ समजू नका. पाच माणसं ओल्या कपड्यांनी आत बसली की काच मिनिटभरात धुकटते आणि ती एसीनेच सुटते. डिझेल फिल्टरखालचं पाणी काढायची चकती स्वतः फिरवायला शिका. पावसाळ्यात पेट्रोल पंपाच्या जमिनीतल्या टाकीत पाणी शिरण्याचे प्रकार होतात आणि ते पाणी आधी फिल्टरमध्ये साचतं.

सगळ्यात आधी चॅसी बघा. आपल्याकडची गाडी खाडीच्या हवेत उभी असते. वरून रंग चकाचक असतो आणि हौद्याखाली, जिथे चॅसीला आडवे दांडे जोडलेले असतात तिथे आतून पापुद्रे सुटलेले असतात. गाडी गॅरेजमधल्या लिफ्टवर घेऊन छोट्या हातोडीनं चॅसी ठोकत जा. खणखणीत आवाज येतो तिथे पत्रा ठीक आहे. बद्द आवाज आला की थांबा आणि ती जागा खरवडून बघा. गंज साफ करून चॅसीच्या पोकळीत आतून मेणासारखं कोटिंग मारून घ्या. बाहेरून नुसतं काळं रबर कोटिंग मारलं तर ओल आत अडकते आणि गंज झाकून वाढतो. चॅसीच्या वरच्या आणि खालच्या पट्टीला भोक पाडू द्यायचं नाही, वेल्डिंगही नाही, फॅब्रिकेटर कितीही छातीठोकपणे सांगो.

बीएस-सहा गाडी असेल तर आणखी एक. सायलेन्सरमधला काजळी अडवणारा फिल्टर रोज खारघर ते बेलापूर एवढ्याच फेऱ्यांनी तुंबतो. आठवड्यातून एकदा अर्धा तास एका वेगात हायवेला चालवा. ऐन पळापळीत डॅशबोर्डवर तो दिवा लागून इंजिनानं जोर कमी केला तर काही करता येत नाही.

कायद्याकडे बघून मगच गॅरेजची पायरी चढा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळी अशी फेरफार गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. कलम १८२अ प्रमाणे अशा प्रत्येक फेरफारीला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. लोखंडी बुल बारवर कारवाई करा असं केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं आहे. त्यामागचं कारण मला पूर्ण पटतं: तो दांडा पादचाऱ्याचा जीव घेतो आणि धडकेत चुरगाळायला हवा तो भाग चुरगाळत नाही. तेव्हा बंपर यादीतून गेला, आणि त्यावर बसणारं विंचही गेलं. चार इंच लिफ्ट आणि अवाढव्य टायरही गेले. उरलेल्या कशाबद्दलही शंका असेल तर आरटीओला आणि विमा कंपनीला आधी लेखी विचारा, उत्तर जपून ठेवा. विम्यात इंजिन संरक्षणाचं जादा कलम घ्याच. इंजिनात पाणी शिरून झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत बहुतेक वेळा बसत नाही.

टायरवर मात्र पैसे घाला. मड टायर दिसायला रुबाबदार असतात, पण तुमची सुटका नव्वद टक्के डांबरी आणि काँक्रीटच्या ओल्या रस्त्यावरून होणार आहे, आणि तिथे मड टायरचे मोठे ठोकळे नीट धरत नाहीत, ब्रेकला गाडी सरकते. ऑल टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता, दोन्हीसाठीचे) घ्या, कंपनीनं त्याच मॉडेलला दिलेल्या मापातच. माप वाढवलं की काय होतं ते आकड्यात बघा: २५५/६० आर १८ च्या टायरचा व्यास साधारण ७६३ मिलिमीटर, तर २६५/६५ आर १८ चा ८०२. पाच टक्के फरक. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६३ नं धावते, क्लचवर भार वाढतो आणि ब्रेकला तेवढंच मोठं चाक अडवावं लागतं. बाजूवरचा भारांक बघा; ११२ लिहिलं असेल तर एक टायर ११२० किलो पेलतो. चार आकडी तारीखही बघा, पहिले दोन आकडे आठवडा, नंतरचे दोन वर्ष. स्टेपनी चारही टायरच्याच मापाची आणि त्यांच्याच जातीची असली पाहिजे. आणि ती पिकअपच्या पोटाखाली लटकलेली असते, म्हणून तिची साखळी दर पावसाळ्याआधी सोडून ग्रीस लावा. गंजून जाम झालेली साखळी चिखलात पडून सोडवणं फार वाईट काम आहे.

चिखलात हवा कमी करणं हे कुठल्याही विंचपेक्षा जास्त वेळा कामी येतं. १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवा, टायर पसरतो, गाडी वर तरंगल्यासारखी निघते. परत डांबरावर आलात की हवा भरायचीच, म्हणून बॅटरीवर चालणारा चांगला कंप्रेसर घ्या. त्याच्यासोबत दोन मजबूत ट्रॅक्शन बोर्ड (रुतलेल्या चाकाखाली घालायच्या खाचांच्या फळ्या), एक फावडं, लवचीक ओढदोर, दोन सॉफ्ट शॅकल (दोराच्या कड्या), झाडाला गुंडाळायचा रुंद पट्टा आणि टिरफोर, म्हणजे दांडा हलवून तारेचा दोर ओढणारं हाताचं यंत्र. टिरफोर हळू चालतं, घाम काढतं, पण बॅटरी मागत नाही, कायमचं वजन टाकत नाही आणि गाडीला पुढे, मागे, आडवं कसंही ओढतं. दोर कुठे अडकवायचा ते आधी ठरवा. पुढे खाली दिसणारं बारीक कडं गाडी ट्रकवर बांधून नेण्यासाठी असतं. त्यावर झटक्याचा दोर लावला तर ते तुटून गोळीसारखं सुटतं. चॅसीला मूळच्या बोल्टांनी बसणारा, भार लिहिलेला हुक बसवून घ्या. ट्रेलरच्या गोळ्याला दोर कधीही लावायचा नाही. ओढताना बाकी सगळे दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभे राहतील, हा नियम मोडू देऊ नका.

सस्पेन्शनबद्दल एवढंच: चांगले शॉक अॅब्सॉर्बर घाला, आणि पाटे बसले असतील तर मूळ ताकदीचे नवे घाला. जास्त जाड पाटे रिकाम्या हौद्यावर गाडीला उडवतात. मागची सीट खडखडते आणि व्हीलचेअरवरच्या माणसाच्या कण्याला ते सहन होत नाही.

आता पाण्याविषयी, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे.

स्नॉर्कल लावलं म्हणजे गाडी पाण्यातून जाते, ही समजूत मला फार काळजीची वाटते. स्नॉर्कल फक्त इंजिनाची हवा उंचावरून घेतं. दोन्ही डिफरन्शियल, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) यांना श्वास घेणाऱ्या छोट्या नळ्या असतात. तापलेलं लोखंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि त्या नळ्या पाणी आत ओढतात. अल्टरनेटर, स्टार्टर, केबिनच्या फरशीखालच्या वायरिंगला स्नॉर्कलचा काडीचा उपयोग नाही. टोयोटा हायलक्स आणि फोर्स गुरखा यांच्यासाठी कंपन्या ७०० मिलिमीटरचा आकडा देतात. तो साचलेल्या पाण्याचा आहे. तुमच्या गाडीचा आकडा माहितीपुस्तकात बघा आणि त्याच्या दोन-तृतीयांशावर खडूनं दारावर रेघ मारा. तुमची मर्यादा ती. श्वासनळ्या मात्र वाढवून बॉनेटच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत नेऊन घ्या. काम स्वस्त आहे आणि गिअरबॉक्स वाचतो.

वाहतं पाणी वेगळंच प्रकरण आहे. केबिनचा तळ सव्वातीन चौरस मीटर धरा. पाणी फरशीच्या वर दहा सेंटिमीटर चढलं की ते गाडीला सव्वातीनशे किलोंनी वर उचलतं. तीस सेंटिमीटर चढलं की जवळजवळ एक टन. दारांतून पाणी आत भरेपर्यंत ही उचल कायम असते. पिकअपचं इंजिन पुढे आणि हौदा रिकामा, म्हणून मागची चाकं आधी हलकी होतात आणि शेपूट प्रवाहाबरोबर फिरतं. ड्रायव्हरला वाटतं गाडी घसरली. खरं तर ती तरंगायला लागलेली असते. साधारण साठ सेंटिमीटर वाहतं पाणी पिकअपसकट बहुतेक गाड्या वाहून नेतं. म्हणून पुलावरून, कॉजवेवरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही. किती इंच, कोणाची गाडी पुढे गेली, पलीकडे कोण वाट बघतंय, यानं उत्तर बदलत नाही. वरून खालचा रस्ता वाहून गेलाय की नाही हे दिसतच नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल पुरात पडला आणि अंधारात गाड्या थेट नदीत गेल्या. तुमचा गावचा रस्ता तोच आहे.

साचलेल्या पाण्यात जायची वेळ आली तर पहिला गिअर, फोर लो (चारही चाकांना ताकद, कमी वेगाची), माणसाच्या चालीचा वेग, आणि मध्ये क्लच दाबायचा नाही. वेगात गेलात की समोर उठलेली लाट रेडिएटरच्या पंख्यावर आणि हवेच्या तोंडावर येते. रस्त्याच्या मधून चला, कडेला गटारांची झाकणं उघडी असतात. गाडी पाण्यात बंद पडली तर चावी फिरवायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ओढून बाहेर काढा, मेकॅनिकला इंजेक्टर किंवा हीटर प्लग काढून पाणी काढू द्या. काच फोडायची हातोडी ड्रायव्हरच्या हाताला लागेल अशी बांधा, डिकीत नको. २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा, बंद गाड्यांमध्ये अडकून माणसं गेली. पॉवर विंडो बंद पडल्या होत्या. बाजूची काच कोपऱ्यात ठोकली की फुटते, समोरची फुटत नाही.

पाण्यातून आलात की ब्रेक हलका दाबत चालवून सुकवा, आणि दुसऱ्या दिवशी डिफरन्शियलचं तेल तपासा. दुधी दिसलं तर त्याच दिवशी बदला. खाडीचं खारं पाणी लागलं असेल तर गोड्या पाण्यानं खालून सगळं धुऊन काढा.

हे सगळं सांगून झाल्यावर खरं काम वेळेचं आहे. नवी मुंबई खाडीकाठच्या सखल जमिनीवर वसवलेली आहे. पावसाचं पाणी सिडकोच्या धारण तलावांत येतं आणि तिथून खाडीत जातं. भरतीला झडपा बंद होतात, म्हणजे मोठा पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली की पाण्याला जायला जागाच नसते. भरती ते ओहोटी साधारण सव्वासहा तास. पावसाळ्याच्या सुरुवातीला मुंबई महापालिका साडेचार मीटरवरच्या भरतीचे दिवस जाहीर करते. ते कॅलेंडरवर लाल करून ठेवा. खारघरला डोंगरावरून येणारे ओढेही आहेत, पाणी तिथे तासाभरात चढतं. महाडलाही हेच गणित: सावित्री, गांधारी भरलेल्या आणि बाणकोट खाडीला भरती. त्या दिवशी काका-काकूंना आणायला निघणं म्हणजे उशीर झाला. नागोठण्याला अंबा, रोह्याला कुंडलिका, दोन्ही तुमच्या वाटेवर किंवा वाटेजवळ. लाल इशारा बऱ्याचदा आदल्या दिवशी येतो, तेव्हाच त्यांना घेऊन या, पाऊस पडला नाही तर दोन दिवस नातवंडांबरोबर राहतील. महाडहून वर चढणारा वरंध घाट पावसाळ्यात भरवशाचा नाही, आंबेनळीत दरडी येतात. माणगावहून ताम्हिणी ही एक पर्यायी वाट, पण तीही रात्री आणि मुसळधार पावसात नको.

आणि खारघरमध्येच पाणी भरलं तर? रो-हाऊसला वरचा मजला असेल तर बहुतेक वेळा तोच सुरक्षित. आईंना वर नेणारी मजबूत खुर्ची आणि चार हात लागतील, ती तयारी गाडीच्या तयारीइतकीच करा. गाडी मात्र पाणी चढायच्या आधी उंच रस्त्यावर नेऊन लावा, म्हणजे पाणी उतरल्यावर दवाखान्यात जायला ती जिवंत असेल. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली तेव्हा हजाराच्या आसपास प्रवासी बोटींनी काढावे लागले. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली, आणि तिथे वर जायला चालण्याशिवाय मार्गच नव्हता. अशा वेळी पिकअपचं काम कोरड्या काठावरून सुरू होतं: काठावर आणलेल्या माणसांना निवाऱ्यापर्यंत, दवाखान्यापर्यंत नेणं. ते काम फार मोलाचं आहे आणि त्यासाठी हौदा, सीट आणि ओल्या रस्त्यावर धरणारे टायर लागतात.

तुमच्या शेजारी तळोजा एमआयडीसी आहे, म्हणून वायुगळतीचाही विचार करा. डोंबिवली एमआयडीसीत २०१६ आणि २०२४ मध्ये झालेले स्फोट आपण पाहिले आहेत. काचा बंद, एसी आतल्या हवेवर, आणि वाऱ्याच्या दिशेला आडवं निघायचं, वाऱ्याबरोबर नाही. प्रशासनानं घरातच थांबा सांगितलं असेल तर दारं-खिडक्या बंद करून घरातच थांबायचं.

हौद्यात माणसं बसवू नका. कायद्यानं नाही, आणि घाटात एका झटक्याला माणूस बाहेर जातो. कॅनोपी लावून मागचा फाळका उघडा ठेवला तर चालत्या गाडीत सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. कॅनोपीऐवजी साधं घडीचं झाकण आणि जाड ताडपत्री घ्या.

आता आई. त्यांच्यासाठी गाडीची उंची हाच सगळ्यात मोठा अडथळा आहे, आणि लिफ्ट नको म्हणण्याचं माझं सगळ्यात पक्कं कारणही. खालची रुंद पायरी बसवा आणि खुर्चीवरून सीटवर सरकायची लाकडी गुळगुळीत फळी बनवून घ्या. सुतार तासाभरात करतो. त्यांची जागा मागच्या सीटवर डावीकडे, पट्टा लावून. घडी केलेली व्हीलचेअर हौद्यात सगळ्यात शेवटी चढवायची, म्हणजे सगळ्यात आधी उतरेल. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागत असेल तर पाच लिटरचं यंत्र साधारण ३५० वॅट खातं. चालू इंजिनवर ६०० वॅटचा शुद्ध साइन वेव्ह इन्व्हर्टर ते चालवतो. त्याची जाड वायर थेट बॅटरीतून, बॅटरीजवळच फ्यूज घालून आणा. यादीतली दुसरी बॅटरी फक्त या कारणासाठी मी मान्य करीन.

टाकी जून ते सप्टेंबर अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, म्हणजे डिझेलचे कॅन लागतच नाहीत. औषधांची चिठ्ठी, आधार, विमा, आरसी यांच्या प्रती जाड प्लास्टिकमध्ये. दोन किलोंचा पावडरचा अग्निशामक ड्रायव्हरच्या सीटखाली. ११२, १०८ आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ कागदावर लिहून काचेला चिकटवा. परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन ठेवणं भारतात गुन्हा आहे, कोणी परदेशातून आणून देतो म्हणाला तरी घेऊ नका.

सराव येऊरला करायचा नाही. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. मुरबाड किंवा कर्जतकडे ओळखीच्या शेतकऱ्याच्या परवानगीनं, पेरणीआधीच्या शेतात करा. कोरड्या डांबरावर फोर हाय (चारही चाकांना ताकद, नेहमीच्या वेगाची) लावू नका, वळताना पुढची-मागची चाकं वेगळी फिरायला बघतात आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर येतो.

आणि वहिनींना चालवायला शिकवा. तुम्ही ठाण्याला किंवा बीकेसीला कामावर असताना दुपारी पाणी चढलं तर ही गाडी त्यांनाच काढावी लागेल. फोर लो लावणं, हवा कमी करणं, पोटाखालची स्टेपनी उतरवून चाक बदलणं, फळीवरून आईंना सीटवर घेणं, हे सगळं त्यांनी मे महिन्यातच, तुम्ही बाजूला उभे राहून हात न लावता, करून बघावं. दुसरी चावी घरात त्यांच्या हाताला लागेल अशा ठिकाणी टांगा.